हिमलोटांची नोंदवही

वैशाखातील संध्याकाळी श्रोत्यांपुढे बर्फाचा विषय काढणे म्हणजे तहानलेल्यापुढे पाण्याचे नुसते वर्णन करण्यासारखे आहे, हे आम्ही जाणून आहोत. आपल्यापैकी बहुतेकांचा बर्फाशी संबंध उसाच्या रसात टाकलेल्या खड्यापुरताच येतो. तथापि आमचा खरा विषय बर्फ हा नसून नोंद हा आहे. डोंगराच्या अंगावरून बर्फाचा लोट कोसळतो, ही घटना माणसाने कशी पाहिली, ती लिहून ठेवावी असे त्याला केव्हा वाटले, त्या लिहिण्याने काय साधले आणि काय साधले नाही, याचा हा इतिहास आहे. लढाया आणि राज्याभिषेक यांच्या इतिहासात त्याला जागा मिळत नाही. पण या वहीतल्या एकेका ओळीवर माणसांचे प्राण अवलंबून राहिले आहेत, म्हणून तो ऐकण्याजोगा आहे असे आम्हांस वाटते.

प्रथम हिमलोट म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. उंच डोंगरावर हिवाळाभर थरावर थर बर्फ साठत जाते. उतार साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांचा असेल, तर ते तेथे टिकूनही राहते आणि सुटण्याची भीतीही असते. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसे साठतच नाही. त्याहून सौम्य उतारावर ते सहसा घसरत नाही. मधल्या उतारावर नव्या बर्फाचा भार वाढला, वाऱ्याने बर्फ एका बाजूला आणून टाकले, किंवा ऊन तापून पाणी आत झिरपले, की सारा थर एकदम सुटतो. कोरडे बर्फ असेल तर धुळीच्या ढगासारखा लोट उठतो. त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरांच्याही वर जातो आणि त्याच्या पुढे धावणारी हवाच घरांची छपरे उडवून नेते. ओले बर्फ असेल तर वेग कमी, पण वजन भयंकर. ते दगडमाती आणि झाडे मुळासकट घेऊन खाली येते. आल्प्स पर्वतातील शेतकऱ्याला हे दोन प्रकार शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. आपल्याकडे शिवारातल्या प्रत्येक तुकड्याला जसे नाव असते, तसे त्याच्या खोऱ्यातल्या हिमलोटाच्या वाटांनाही नाव असे.

मग इतके ठाऊक असताना माणसे मरत का राहिली? याचे उत्तर जुन्या नोंदींच्या स्वरूपात सापडते. स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने दोन हजार वर्षांपूर्वी आल्प्समधील घसरणाऱ्या हिमथरांचा उल्लेख केला आहे. प्रवाशांचा सबंध तांडा ते दरीत लोटू शकतात, असे त्याने सांगितले. त्यानंतरच्या शतकांत हिमलोट लिखाणात येतो तो मुख्यतः अशाच आपत्तीच्या निमित्ताने. १७२० च्या फेब्रुवारीत स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतातील ओबरगेस्टेलन या गावावर लोट आला व ऐंशीहून अधिक माणसे गेली, हे आपल्याला कळते; कारण मेलेल्यांचे दफन करावे लागले आणि दफनाची नोंद ठेवण्याची रीत होती. म्हणजे ज्या लोटाने माणूस मारला तो कागदावर आला. ज्याने नुसते कुरण खरवडले, चार झाडे मोडली आणि ओढ्यात जाऊन जो विसावला, तो बहुधा म्हाताऱ्यांच्या आठवणीतच राहिला. म्हातारा गेला की त्याच्याबरोबर ती आठवणही गेली. मग तीस-चाळीस वर्षे शांततेत गेल्यावर त्याच वाटेवर कोणीतरी गोठा बांधी, पुढे त्या गोठ्याचे घर होई, आणि घरात पाळणा हलू लागे.

आठवण जपण्याचा एक मार्ग मात्र जुन्या लोकांनी काढला होता. १३९७ साली आंदरमाट येथील लोकांनी गावावरच्या वनातील एक काटकीही कोणी तोडू नये, असा लेखी निर्बंध घातला. उतारावरची दाट झाडी बर्फाला जागच्या जागी धरून ठेवते, हा अनुभव त्यामागे होता. आपल्या देवरायांप्रमाणे हे वन राखले गेले. येथे राखण मात्र देवाच्या नावाने नव्हती, गावाच्या लेखाने होती. हा लेख म्हणजे हिमलोटांविषयीची एक फार जुनी नोंदच म्हटली पाहिजे. त्यात लोट किती वेळा आला, कोठवर आला, हे काहीच नाही. पण लोट येतो आणि पुन्हा येणार आहे, एवढे त्यात पक्के लिहिलेले आहे.

खरी नोंदवही सुरू होण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले, आणि ती सुरू करणारा मनुष्य एक वनाधिकारी होता. त्याचे नाव योहान कोआत्स. १८२२ साली जन्मलेला हा गृहस्थ ग्राउब्यूंडन या डोंगराळ प्रांताचा. तारुण्यात त्याने नकाशे करण्यासाठी शिखरेच्या शिखरे पालथी घातली. १८५० च्या सप्टेंबरात चार हजार मीटरांहून उंच असलेल्या पिट्स बेर्निना या शिखरावर प्रथम पाऊल ठेवणाऱ्यांत तो होता. पुढे तो प्रांताचा वननिरीक्षक झाला, आणि १८७५ साली सबंध स्वित्झर्लंडचा पहिला मुख्य वननिरीक्षक झाला. त्या जागेवर तो नव्वदी ओलांडून गेल्यावरही, म्हणजे १९१४ पर्यंत राहिला. वन आणि बर्फ यांचे नाते तो रोज पाहत होता. लाकडासाठी वरची झाडी तुटली, शेळ्यांनी कोवळी रोपे खाल्ली, की पूर्वी जेथे लोट नव्हता तेथे नवी वाट पडते. १८७६ साली डोंगराळ भागातील वने कमी होऊ न देण्याचा जो कायदा तेथे झाला, त्यामागे असाच अनुभव होता.

कोआत्सने केले ते दिसायला अगदी साधे होते. त्याच्या हाताखालचे वनाधिकारी आणि वनरक्षक खोऱ्याखोऱ्यांत पसरलेले होते. प्रत्येक लोटाची माहिती ठरावीक प्रश्नांना धरून गोळा करावी, अशी पद्धत त्याने घातली. लोटाचे स्थानिक नाव काय, तो कोणत्या उंचीवर सुटतो, कोठे थांबतो, उतार कोणत्या दिशेला तोंड करून आहे, तो दरवर्षी येतो की काही वर्षांनी, आणि त्याने कोणते नुकसान केले, असे ते प्रश्न. मग ती वाट नकाशावर रेखायची. जर्मन भाषेत या नोंदवहीला जे नाव मिळाले, त्यातला ‘काटास्टर’ हा शब्द जमिनीच्या नोंदपुस्तकाचाच आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर हा हिमलोटांचा सातबारा होय. जमिनीचा मालक कोण हे जसे वादाच्या दिवशी शोधत बसायचे नसते, तसेच डोंगरावरच्या या मालकाचेही आहे, हे कोआत्सने ओळखले.

१८८१ साली त्याचे स्वित्झर्लंडच्या आल्प्समधील हिमलोटांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत या पद्धतीची परीक्षा झाली. १८८७-८८ च्या हिवाळ्यात फार मोठे बर्फ पडले आणि हजारांहून अधिक हिमलोट कोसळले. सुमारे पन्नास माणसे मेली. पूर्वीच्या काळी अशा हिवाळ्याचे वर्णन मृतांची यादी देऊन संपले असते. या वेळी मात्र कोणते वन आडवे झाले, किती लाकूड मोडले, कोणते गोठे गेले आणि कोणत्या वाटेने लोट नेहमीची हद्द ओलांडून पुढे आला, हे सारे गोळा होऊन त्यावर स्वतंत्र अहवाल निघाला. पुढे १९१० मध्ये कोआत्सने सबंध देशाचा ताळेबंद मांडला. त्यात नऊ हजारांहून अधिक हिमलोटांच्या वाटा नोंदलेल्या होत्या. तेव्हा त्याचे वय ८८ होते.

येथे क्षणभर थांबून आपण एक गोष्ट लक्षात घ्यावी. या नऊ हजारांतील फार थोड्या वाटांनी कोणाचा जीव घेतला होता. बाकीच्या वाटा निरुपद्रवी म्हणूनच ठाऊक होत्या. तरीही त्या लिहिल्या गेल्या, यातच या कामाचे सारे महत्त्व आहे. ज्याने काही बिघडले नाही ते टिपून ठेवण्यात मनुष्याला सहसा रस नसतो. परंतु लोट कोठे सुटतो हे त्या निरुपद्रवी नोंदींनीच दाखवले, आणि तो जेथे सुटतो तेथेच त्याला अडवला पाहिजे, खाली गावाजवळ नव्हे, हे कळले. उतारावर वरच्या बाजूस दगडी बांध घालायचे, त्यांच्या आडोशाला रोपे लावायची, आणि रोपे मोठी झाली की राखण झाडांनी करायची, अशी रीत त्यातून रूढ झाली.

तथापि या वहीला एक मर्यादा होती. लोट कोठे येतो हे ती सांगे. आज येईल की नाही हे सांगत नसे. त्यासाठी बर्फाच्या पोटात शिरावे लागले. १९३१ साली स्वित्झर्लंडमध्ये बर्फ आणि हिमलोट यांच्या संशोधनासाठी एक मंडळ स्थापन झाले, आणि १९३६ पासून दावोस गावावरच्या वाइसफ्लूयोख येथे, २,६६० मीटरांहून अधिक उंचीवर, काही तरुण संशोधक साध्यासुध्या निवाऱ्यात काम करू लागले. त्यांत रोबेर्ट हेफेली हा मातीच्या भाराचा अभ्यास केलेला स्थापत्य अभियंता होता, आणि हेन्री बाडेर हा स्फटिकांचा अभ्यासक होता. पडलेले बर्फ जसेच्या तसे राहत नाही, हे त्यांनी थरांमागून थर तपासून दाखवले. चांदणीसारखा नाजूक कण काही दिवसांत गोल होतो आणि शेजाऱ्याला चिकटतो. पण जमिनीजवळचे बर्फ उबदार व वरचे अति थंड राहिले, तर तळाशी जाड साखरेच्या दाण्यांसारखे सुटे कण तयार होतात. त्यांच्यावर सारा हिवाळा उभा असतो. पाया वाळूचा आणि वर माडी, अशी ती गत. हेफेलीने एक टोकदार नळी बनवली; तिच्यावर ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडायचे आणि ती किती घावांत किती आत जाते ते लिहायचे. न दिसणारा कच्चा थर असा आकड्यांत उतरू लागला. १९३९ मध्ये या संशोधकांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे महायुद्धाच्या काळात डोंगरात तैनात असलेल्या सैन्याला इशारे देण्याची गरज पडली. युद्ध संपल्यावर ते काम या संस्थेकडे आले.

इशारा द्यायचा तर रोजची खबर हवी. कोआत्सची वही खतावणीसारखी होती. आता रोजकीर्द सुरू झाली. खोऱ्याखोऱ्यांतून निरीक्षक नेमले गेले. रस्त्यावर काम करणारे, रेल्वेतले, तारेच्या पाळण्यांवरचे अशी नेहमीच्या पोटापाण्याच्या कामातली माणसे या कामाला लागली. निरीक्षकाने सकाळी उठून खांबावर बर्फाची एकूण उंची पाहायची, काल पुसून ठेवलेल्या फळीवर किती नवे बर्फ साठले ते मोजायचे, हवा व वारा लिहायचा, आणि समोरच्या उतारांवर कोणते लोट आले त्यांची दिशा, उंची व आकार टिपायचा. काही दिवसांच्या अंतराने खड्डा खणून थर तपासायचे. हे काम आजही चालू आहे. स्वयंचलित यंत्रे शिखरांवर उभी राहिली तरी माणसाच्या डोळ्यांची गरज संपलेली नाही.

या नोंदीचा एक नियम आम्हांस फार मोलाचा वाटतो. धुके असेल, बर्फ पडत असेल आणि समोरचा डोंगर दिसतच नसेल, तर निरीक्षकाने ‘लोट आला नाही’ असे लिहायचे नाही; ‘पाहता आले नाही’ असे लिहायचे. वरवर पाहता हा फरक किरकोळ आहे. पण ज्या दिवशी धुके व वादळ असते त्याच दिवशी लोट येण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. त्या दिवसांपुढे शून्य मांडत गेले, तर सबंध वही खोटी ठरते, आणि तिच्यावर विश्वासून घर बांधणारा मनुष्य फसतो. न दिसणे आणि नसणे यांत अंतर आहे, हे आपले न्यायशास्त्रही सांगते. येथे ते अंतर न पाळण्याची किंमत प्राणांनी द्यावी लागते.

ती किंमत १९५१ मध्ये पुन्हा एकदा दिसली. त्या जानेवारीत दोन-तीन दिवसांत आल्प्सवर प्रचंड बर्फ कोसळले. आंदरमाटमध्ये, जेथे १३९७ चा तो लेख झाला होता तेथेही, माणसे मेली. फाल्स या गावी १९ जण गेले. फेब्रुवारीत दक्षिणेकडे आयरोलो गावावर आपत्ती आली. त्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये ९८ माणसे मृत्युमुखी पडली, शेजारच्या ऑस्ट्रियात त्याहून अधिक. वही होती, वनेही होती, इशारेही होते. पण घरे कोठे बांधावीत यावर त्या वहीचा अंमल चालत नव्हता. या धक्क्यानंतर तो चालू झाला. १९५४ मध्ये गाडमेन या लहान गावासाठी हिमलोटांच्या धोक्याचा नकाशा तयार झाला आणि पुढे असे नकाशे गावोगाव झाले. तांबड्या रंगाच्या भागात नवे घर बांधायचे नाही, निळ्या भागात मजबुतीच्या अटींवर बांधायचे. तीस वर्षांत एकदा येणारा लोट कोठवर जाईल, तीनशे वर्षांत एकदा येणारा कोठवर, याच्या हिशेबावर हे रंग ठरतात. हा हिशेब करायला दीर्घ काळाची नोंद लागते. कोआत्सच्या वनरक्षकांनी ज्या निरुपद्रवी लोटांच्या ओळी लिहिल्या होत्या, त्यांचे मोल असे तीन पिढ्यांनंतर कळले.

मग प्रश्न सुटला काय? नाही. १९९९ च्या फेब्रुवारीत पुन्हा तसेच बर्फ पडले. ऑस्ट्रियातील गाल्ट्यूर हे गाव रस्ते बंद पडल्याने जगापासून तुटले होते. २३ फेब्रुवारीला त्या गावावर लोट आला आणि नकाशाने सुरक्षित ठरवलेल्या भागात शिरला. तेथे ३१ माणसे गेली, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या फाल्त्सूरमध्ये आणखी ७. शंभर-दीडशे वर्षांच्या नोंदीला डोंगराची सारी मर्जी कळत नाही, हे त्या दिवशी कळले. त्याच्या दोनच दिवस आधी स्वित्झर्लंडमधील एव्होलेन येथे १२ जण मेले होते. तेथे धोका ओळखून रस्ता बंद करण्यात व घरे रिकामी करण्यात कसूर झाली, असे ठरवून न्यायालयाने गावच्या प्रमुखाला आणि सुरक्षेच्या अधिकाऱ्याला दोषी धरले. म्हणजे वही केवळ माहिती देत नाही. ती वाचणाऱ्यावर जबाबदारीही टाकते. तरीसुद्धा त्या वर्षीचा हिशेब नीट पाहिला पाहिजे. १९५१ च्या मानाने डोंगरात राहणाऱ्या व हिंडणाऱ्या माणसांची संख्या कितीतरी वाढली होती, हजाराहून अधिक विध्वंसक लोट आले होते, आणि स्वित्झर्लंडमध्ये घरांत व रस्त्यांवर मेलेल्यांची संख्या १७ होती. बांध, वने, नकाशे आणि इशारे यांचे हे श्रेय आहे.

आता आपल्या हिमालयाकडे वळू. येथील डोंगर आल्प्सहून कितीतरी विशाल, वस्ती विरळ, आणि पुष्कळ दऱ्यांत हिवाळ्यात मनुष्य जातच नाही. तेथे पाहणारा कोण आणि लिहिणारा कोण? अशा ठिकाणी डोंगराने स्वतः ठेवलेल्या खुणा वाचाव्या लागतात. एका विशिष्ट उंचीवर मोडलेली झाडे, खालच्या बाजूस वाकलेले बुंधे, घनदाट वनात मध्येच एकाच वयाच्या कोवळ्या झाडांचा पट्टा, या साऱ्या जुन्या लोटांच्या सह्या आहेत. जखमी झाडाच्या खोडातील वर्षवलये मोजली, तर लोटाचे सालही सांगता येते. पण वनांच्या वर, जेथे झाडच नाही, तेथे ही साक्षही संपते.

भारतात या कामासाठी संरक्षण खात्याने १९६९ साली मनाली येथे हिम व हिमलोट अभ्यासाची संस्था उभारली. सीमेवरच्या सैनिकांच्या आणि डोंगरी रस्त्यांच्या गरजेतून ती जन्मली. तिने लोटांच्या वाटांचे नकाशे केले, निरीक्षणाची ठाणी उभारली, इशारे देण्यास प्रारंभ केला. २०२० मध्ये ती एका नव्या, अधिक व्यापक संस्थेत विलीन झाली. तरी काम किती अवघड आहे ते घटना सांगतात. २००५ च्या फेब्रुवारीत काश्मीरमधील वालटेंगू नार या वस्तीवर लोट आला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेनवर, १९,००० फुटांहून उंच असलेल्या ठाण्यावर, दहा जवान बर्फाखाली गाडले गेले. सहा दिवसांनी त्यांतला एक जिवंत सापडला आणि सारा देश त्याच्यासाठी प्रार्थना करू लागला. पण ११ फेब्रुवारीस तोही गेला. त्या दहांपैकी एक जवान आपल्या सातारा जिल्ह्यातला होता. बर्फ आपल्यापासून दूर आहे असे आपण म्हणतो, तेव्हा हे ध्यानात ठेवावे.

आणि बर्फ नसले तरी डोंगर आपल्याकडेही आहे. सह्याद्रीत लोट येतो तो चिखलमातीचा. ३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव त्याच्याखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मेली. दरड आणि हिमलोट यांचे शास्त्र वेगळे आहे, हे आम्ही जाणतो. पण नोंदीचा धडा एकच आहे. माळीणची नोंद इतिहासात झाली, कारण माणसे गेली. जी दरड नुसती रानात कोसळते, ज्या उताराला पावसाळ्यात हातभर भेग पडते, जो झरा एखाद्या वर्षी अचानक गढूळ होतो, त्याची नोंद आपल्या गावात कोण ठेवतो? तलाठ्याच्या दप्तरात पिकाला रकाना आहे, विहिरीला आहे. भेगेला रकाना नाही.

कोआत्सच्या वनरक्षकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. आपल्या ओळीने कोणाचा जीव वाचेल हे त्यांनाही ठाऊक नव्हते. वरिष्ठांनी विचारले म्हणून त्यांनी डोंगराकडे पाहिले, आणि जे पाहिले तेवढेच लिहिले. आपल्यापैकी ज्यांची घरे डोंगराच्या पायथ्याशी आहेत, त्यांनी येत्या पावसाळ्यात एक साधी वही घालावी, अशी आमची विनंती आहे. तारीख, पाऊस, उतारावर काय दिसले, एवढेच रकाने पुरेत. आणि ज्या दिवशी धुक्यामुळे डोंगर दिसला नाही, त्या दिवशी तसेच लिहावे.